दुभाष्याचा ‘मी’

काठी त्याच्या कानशिलावर बसली तेव्हा तो माझ्या भावाच्या तोंडचं बोलत होता. काठी मारणाराही माझा भाऊच.

नारळ आपटावा तसा आवाज आला. शाळेच्या अंगणात सगळी वाडी बसलेली होती, पण कोणी ओरडलं नाही. दुभाष्या स्टुलावरून कलंडला. त्याच्यापुढं दोन रिकाम्या खुर्च्या मांडलेल्या होत्या, त्यातली एक त्याच्याबरोबर आडवी झाली. डाव्या कानापासून रक्त गळ्यात उतरलं. भाऊ काठी पुन्हा उगारून उभा होता.

"मी कवा म्हनलो? सांग, मी कवा म्हनलो पठार घ्या म्हनून?"

दुसरी काठी बसली असती तर माणूस संपला असता. ती मी वरच्यावर धरली. भाऊ माझ्याहून मोठा, पण मुसळ मी त्याच्यापेक्षा जास्त उचललंय.

भिंतीपाशी प्रकल्पाच्या कचेरीचा साहेब उभा होता. त्याच्या हातात फोन होता, आणि तो आमच्या अंगावर रोखलेला होता. काठी बसली तेव्हा त्याचा हात जरासुद्धा हलला नाही.

हा दुभाष्या माझा भाडेकरू. घोडेगावात माझ्या घराच्या मागच्या खोलीत राहायचा. जुन्नरच्या मुसलमान घरातला. बापाचं बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान होतं. तरुणपणी हा जहाजावर कामाला लागला, एका परदेशात उतरला आणि अर्धं आयुष्य तिकडंच राहिला. तिकडची भाषा अशी शिकला की स्वप्नंसुद्धा त्याच भाषेत पडायची म्हणे. देशाचं नाव मी लिहीत नाही. तो आपला मित्र आहे असं टीव्हीवर सांगतात, आणि माझं त्या देशाशी काही भांडण नाही.

परत आल्यावर जुन्नरच्या घरी राहायचं सोडून तो घोडेगावला का आला, तर त्याचे दोन भाऊ आपसात बोलत नव्हते. वाटणीच्या वेळी हा त्यांच्या मध्ये बसला आणि एकाचं बोलणं दुसऱ्याला पोचवलं. एक शब्द गाळला नाही, एक मऊ केला नाही. वाटणी झाली, भाऊ पुन्हा एका ताटात जेवायला लागले. याच्याशी मात्र दोघंही बोलेनात.

खोली दिली तेव्हा आळीतले लोक मला म्हणाले, मुसलमानाला खोली दिली? मी म्हणाले, रोज मोरी घासून धुतो. तुमच्यातला एक दाखवा.

दुभाष्याच्या धंद्याचा एक नियम आहे. ज्याचं बोलणं असेल ते त्याच्याच तोंडानं सांगायचं. साहेब म्हणाला, 'मला भूक लागली,' तर दुभाष्यानं 'साहेबांना भूक लागलीय' असं म्हणायचं नाही. 'मला भूक लागली' असंच म्हणायचं. चाकणच्या कारखान्यांत बाहेरदेशचे साहेब येतात. त्यांच्यात आणि आपल्या लोकांत बसून तो दिवसभर असा दुसऱ्याचा 'मी' बोलायचा. तिथं ते शोभत होतं. पण घरी आला तरी ही खोड सुटायची नाही.

शेजारणीचं सांडपाणी माझ्या दारात यायचं. मी त्याला म्हणाले, जाता जाता तिला सांगा, चर खणून घे, नाहीतर दगड टाकून बंद करीन. हा तिच्या दारात जाऊन उभा राहिला आणि माझ्यासारखाच खणखणीत बोलला, "चर खणून घे, नाहीतर मी दगड टाकून बंद करीन."

तिचा नवरा बाहेर आला. "तू कोन रं दगड टाकनारा?"

हा शांतपणे म्हणाला, "मी आक्का बोलतेय."

नवऱ्याला वाटलं प्यालाय. हा तर चहासुद्धा पीत नसे. आवाज राखायला कोमट पाणी प्यायचा.

एकदा त्याच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला माणसं जाणार होती. पुतण्या लाजाळू, म्हणून त्यानं याला पुढं केलं. भाऊ बोलत नसले तरी पोरं बोलायची याच्याशी. मुलगी बघून झाल्यावर हा मुलीच्या बापाला म्हणाला, "मला मुलगी पसंत आहे. मला तुमच्याकडून काही नको, फक्त मुलगी द्या." पलंगावर मुलीची आजी बसली होती. ती म्हणाली, "बाबा, तुमची दाढी तर पांढरी झाली." ते लग्न मग झालं, पण आजी शेवटपर्यंत याच्यापुढं नातीला बसू देत नव्हती.

असं सगळं हसण्यावारी जायचं. शाळेच्या अंगणात नाही गेलं.

दुसरी खोड स्टुलाची. तो कधी पुढं बसायचा नाही. माझं आणि माझ्या मुलाचं भांडण लागलं की हा आपलं स्टूल उचलून आणायचा आणि आमच्या दोघांच्या मध्ये, थोडा मागं बसायचा. मी म्हणायचे, आमी दोघंबी मराठीच बोलतोय, दुभाषी कशाला? तो म्हणायचा, "भाषा एक असली म्हणून काय झालं आक्का, ऐकू कुठं येतंय?" मग मुलगा जे किंचाळला असेल ते हा थंड आवाजात मला सांगायचा, आणि माझं त्याला. आपलंच बोलणं असं थंड होऊन परत आलं की लाज वाटते. भांडण मोडायचं.

स्वतःचं मत मात्र त्याला कधी नसायचं. आमटी कशी झालीय विचारलं तर म्हणायचा, आमटीला विचारा.

पण त्याचं हे कोरडेपण मला एकदा फार लागलं. माझा मुलगा चाकणला ज्या कारखान्यात होता, तिथला एक विभाग बंद करायचं ठरलं. ठरलं त्या बैठकीत दुभाष्या हाच होता. संध्याकाळी घरी आला, माझ्या मुलाच्या शेजारी बसून जेवला, त्याच्याकडून लोणचं मागून घेतलं, आणि एक शब्द बोलला नाही. मुलाचं काम गेल्यावर मला कळलं.

"तुमाला ठावं व्हतं?"

"होतं."

"मग?"

"ते बोलणं माझं नव्हतं, आक्का. कामगारांचा माणूस खोलीत बसलेला होता. तुमच्या मुलाला सांगायचं काम त्याचं होतं. मी सांगितलं असतं तर ती चहाडी झाली असती."

मी बरेच दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्यानं माफी मागितली नाही, मीही मागायला लावली नाही. पण त्याचं ते वाक्य माझ्या ध्यानात राहिलं. पुढं त्याचंच काम पडलं.

आता माझ्या भावाचं सांगते. माझं माहेर तळेघरच्या वरच्या अंगाला, डोंगरातली वाडी. वर पठार आहे. पठारावर आमची नाचणी, वरई, हिरड्याची झाडं आणि देवाची राई. भाऊ वाडीचा जाणता माणूस, सगळे त्याला कारभारी म्हणायचे. माणूस तापट, पण दारात आलेल्या माणसाला 'नाही' म्हणायचं नाही, ही आमच्याकडची रीत त्यानं जन्मभर पाळली. नाही म्हणायचं असलं की आम्ही 'बघू' म्हणतो. मी एकदा त्याच्याकडं कालवड मागितली होती. तो म्हणाला, बघू. मी लगेच दुसरीकडं चौकशी केली. आमच्याकडं 'बघू' ऐकलं की शहाणा माणूस चहा संपवतो आणि उठतो.

एका थंडीत वाडीवर गाड्या आल्या. आपल्याकडचा हाच साहेब होता, आणि त्या मित्रदेशाचे दोन-तीन पाहुणे. त्यात एक बाई होती, गुडघ्यावर कागद ठेवून लिहीत होती. पठारावर मोठं तळं करायचं, खाली दरीत दुसरं. पाणी वर चढवायचं, खाली सोडायचं आणि वीज करायची. पैसा आणि यंत्रं त्यांची, डोंगर आपला. भावानं घोंगडी अंथरली, अंडी उकडून दिली. साहेबानं विचारलं, पठारावर तळं झालं तर गावाची हरकत नाही ना? भाऊ म्हणाला, "बघू की. पावणं, आदी च्या घ्या." साहेब पाहुण्यांना इंग्रजीत काहीतरी बोलला. एका पाहुण्यानं भावाचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. फोटो काढले. गाड्या गेल्या.

भाऊ खूश होता. बाहेरदेशचा माणूस हात धरून गेला म्हणून आल्यागेल्याला सांगायचा. पण उन्हाळ्यात माणसं पठारावर खुणा करायला आली, आणि वाडीत कुजबुज सुरू झाली की कारभाऱ्यानं पठार विकलं. त्याच्या पाठीमागं बोलायचे, तो आला की गप्प व्हायचे. त्यानं काठी वापरायला सुरुवात केली ती तेव्हापासून. पायाला काही झालं नव्हतं.

त्याच सुमाराला दुभाष्या एका सकाळी कपडे इस्त्री करून निघाला.

"कुठं?"

"पॉलिसी डायलॉगला."

मी म्हणाले, "या वयात विमा कोन देतंय तुमाला?"

तो क्वचित हसायचा, तेव्हा हसला. म्हणाला, विम्याची नाही, ही दोन देशांची बोलणी आहेत, बंद खोलीत. बाहेर काही बोलणार नाही अशी सही करून दिलीय.

परत आला तो जेवला नाही. मोरीवर उभा राहून चुळा भरत होता. एक चूळ, मग 'बघू', मग दुसरी चूळ. मी ऐकत होते. मग मला म्हणाला, "आक्का, तुमच्या माहेराला 'बघू' म्हणजे काय हो?"

"बघू म्हंजी न्हाई. त्यात काय विचारायचं?"

"जुन्नरलाही तेच. तरी खात्री करून घेतली," म्हणत तो ओल्या हातानं स्टुलावर बसला. म्हणाला, "तुमच्या वाडीबद्दल बोलणं झालंय. खोलीत दोन देश होते. तुमची वाडी नव्हती."

"काय झालं बोलणं?"

"तुम्हाला एकटीला नाही सांगणार. एकट्याला सांगितलं तर फोडलं. सगळ्यांना उजेडात सांगितलं तर पोचवलं. वाडी जमवा."

मला त्याचा राग आला. मुलाच्या वेळी गप्प बसला, आणि आता सही मोडून बोलायला निघाला. मी तसं तोंडावर म्हटलं. तो म्हणाला, "चाकणला ज्यांच्याबद्दल बोलणं होतं त्यांचा माणूस समोर होता. इथं तुमचा भाऊ खोलीत नव्हता, आणि त्याच्या तोंडचं मी बोलून आलोय. ते त्याला ठाऊक नाही. बोलणं एकाच बाजूला पोचलं तर ती चहाडी, आक्का. मी चहाडी करून आलोय."

मी भावाला फोन लावला. म्हणाले, रविवारी शाळेत सगळ्यांना जमव.

भाऊ म्हणाला, "बघू."

"बघू न्हाई. जमव."

दुभाष्यानं दुसरा फोन स्वतः केला, कचेरीच्या साहेबाला. रविवारी वाडीवर जाऊन खोलीतलं बोलणं सांगणार आहे, आपणही या, असं आमंत्रणच दिलं. मी म्हणाले, डोकं ठिकाणावर आहे का? तो म्हणाला, त्यांच्या मागं बोललो तर पुन्हा चहाडीच.

शनिवारी साहेब माझ्या दारात आला. चपला बाहेर काढल्या, खाली बसला, मला मावशी म्हणाला.

"मावशी, त्यांना समजवा. हा दोन देशांचा प्रश्न आहे. दोन्ही सरकारं एकत्र जाहीर करतील तेव्हा सगळ्यांना कळणारच आहे. त्याआधी बोलले तर त्यांच्यावर केस होईल. जन्मात कुठं काम मिळणार नाही."

"मग तुमीच आधी सांगा ना वाडीला."

"तसं करता येत नाही. आणि मावशी, तुम्हाला म्हणून सांगतो. इतकी वर्षं परदेशात राहिलेला माणूस, त्यात पुन्हा..."

"त्यात पुना काय?"

तो चहाच्या कपात बघत राहिला. मी म्हणाले, कप ठेवा, भरलाय तसाच राहिलाय. तो उठला. दारात चपला घालताना म्हणाला, "वाडीतल्या लोकांची डोकी तापलेली आहेत. काही झालं तर आमच्यावर येऊ नका."

ते वाक्य मी तसंच दुभाष्याला सांगितलं तर त्यानं विचारलं, "हे साहेबांचं वाक्य आहे की तुमचं?" मी म्हणाले, साहेबाचं. तो म्हणाला, "मग ते उद्या तिथंच म्हणतील."

रविवारी आम्ही पहिल्या एसटीनं तळेघरला उतरलो आणि वर चालत गेलो. साहेबाची गाडी कच्च्या रस्त्यानं आमच्या आधी पोचलेली. अंगणात माणसं बसलेली, बायका पडवीला. कोणी रामराम केला नाही. माझ्या माहेरी मला कोणी पाणी विचारलं नाही, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. भाऊ पुढं काठीवर हनुवटी टेकून बसलेला. त्याला वाटत होतं की आज हा माणूस सगळ्यांपुढं सांगेल, कारभाऱ्यानं काही विकलं नाही.

दुभाष्यानं शाळेतून दोन खुर्च्या मागून घेतल्या. समोरासमोर मांडल्या, आणि आपण एका स्टुलावर त्यांच्या मध्ये, जरा मागं बसला. लोक बघत राहिले. एकजण म्हणाला, "पावणं मागनं येत्यात का काय?" कोणीतरी हसलं, पण हसू पुढं गेलं नाही.

तिथं त्यानं नियम सांगायला पाहिजे होता. तो म्हणायला पाहिजे होता की बाबांनो, मी बोलेन ते माझं नाही. पण त्याच्या धंद्यात हे कोणी सांगत नाही. खोलीतल्या सगळ्यांना ते ठाऊक असतं. त्यानं फक्त एवढंच म्हटलं, "खोलीत बोललं गेलं ते बोलतो." मग उजव्या, म्हणजे साहेबाच्या खुर्चीकडं मान वळवली आणि सुरू केलं.

"मी या डोंगरात स्वतः जाऊन आलोय. मला हे पठार पसंत आहे."

माणसं चुळबुळली. "कोन ह्यो पसंत करनारा?"

त्यानं मान डावीकडं, पाहुण्यांच्या खुर्चीकडं वळवली. "लोकांचं काय? ते विरोध करतील का?" मग पुन्हा उजवीकडं. "नाही. मी गावच्या कारभाऱ्याशी बोललोय. मला त्याचं वाक्य पाठ आहे." आणि इथं तो समोर भावाकडं वळला, कारण आता भावाची पाळी होती, आणि भावाच्याच आवाजात, तसाच घोगरा, बोलला, "आमी पठार द्यायला तयार हाय. घ्या पठार."

काठी तेव्हा बसली.

मी काठीचं टोक धरून उभी होते आणि भाऊ ते ओढत होता. मागं माणसं उठली होती. ती भावाला आवरायला उठली होती की त्याच्या मदतीला, ते मला आजही सांगता येणार नाही. साहेब पहिल्यांदा बोलला. फोन खाली न घेता म्हणाला, "बघा, गावालाच हे नकोय. सभा संपली. गाडी आहे, मी त्यांना दवाखान्यात नेतो."

मी भावाला म्हणाले, "दादा, काठी सोड. ह्यो सोताचं बोलत न्हाई. तुजंबी न्हाई. त्या सायबानं तुज्या नावावर जे खपवलं, ते ह्यो बोलतोय."

"मग 'आमी' कशाला म्हनतोय?"

"धंदाच हाय तो त्याचा. सायबाचं बोलला तवाबी 'मी'च म्हनला ना? मग तो साहेब झाला का?"

भावानं उजव्या खुर्चीकडं पाहिलं, आडव्या पडलेल्या डावीकडं पाहिलं, मग भिंतीपाशी उभ्या साहेबाकडं. तापट असला तरी खुळा नव्हता. त्याच्या हातातून काठी सैल झाली.

मी खाली बसून दुभाष्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याचे डोळे फिरत होते. लुगड्याचा पदर फाडून बांधला, तो बघता बघता भिजला. साहेब म्हणाला, "येत असतील तर आत्ता नेतो. नंतर मी थांबणार नाही." वाडीत दुसरी गाडी नव्हती. मोटरसायकलवर बसवला असता तर घेरी येऊन पडला असता.

मी दुभाष्याला म्हणाले, "जावा. तेवढं जावा."

तो म्हणाला, "बैठक संपल्याशिवाय दुभाष्या उठत नाही. स्टूल सरळ करा."

कोणी हललं नाही. मग माझ्या भावानं स्टूल सरळ केलं. आडवी खुर्चीही उचलून होती तिथं ठेवली. दुभाष्याला आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून बसवलं, आणि तो राहिलेलं बोलला. आता वाडी ऐकत होती. त्यानं डावीकडं मान वळवली की लोक डाव्या खुर्चीकडं बघत होते.

"त्या म्हाताऱ्यानं नक्की कोणता शब्द वापरला? मी तिथं होते. मी तो ऐकला तसा लिहून घेतलाय. बागू. याचा अर्थ काय?" ही ती लिहिणारी बाई. मग उजवीकडं. "बघू म्हणजे हो. बघून घेतो, करून देतो, असा अर्थ आहे."

अंगणात आवाज झाला. शिवी नाही, हसू नाही. सगळ्यांनी एकदम श्वास सोडावा तसा. वाडीत त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नाही असा माणूस नव्हता. आणि कारभाऱ्यानं पठार विकलं म्हणणाऱ्यांनाही त्याच क्षणी कळलं की तो पाहुण्यांना काय म्हणाला होता.

"मग गावाला पुन्हा विचारायची गरज नाही," दुभाष्या डावीकडून म्हणाला. आणि उजवीकडून, "नाही. दोन्ही सरकारं जाहीर करेपर्यंत हे याच खोलीत राहू द्या."

मग त्यानं दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले. "एवढंच," तो म्हणाला. "बघू म्हणजे हो, हे मी त्यांच्या भाषेत माझ्या तोंडानं सांगितलं. मला अर्थ ठाऊक होता. मला विचारलं नव्हतं."

भाऊ उठला. बिनकाठीचा. भिंतीपाशी गेला आणि साहेबाच्या फोनसमोर उभा राहिला. आता फोन हलत होता. भाऊ साहेबाला पाहुणाच समजत होता, अजूनही, म्हणून त्याला ते जड गेलं. आधी त्यानं टोपी नीट केली.

"पावणं," तो म्हणाला, "न्हाई."

साहेब म्हणाला, "काय नाही?"

"पठार न्हाई. तळं न्हाई. बघू न्हाई. न्हाई."

मागून कोणीतरी म्हणालं, न्हाई. मग पडवीतल्या बायका म्हणाल्या. साहेबानं फोन खिशात घातला आणि गाडीत बसला. धूळ खाली बसेपर्यंत दुभाष्या स्टुलावर होता, मग बसल्या जागी पुढं वाकला.

घोंगडीची झोळी केली, बांबूला बांधली, आणि त्याला तळेघरला खाली नेलं. पुढचा खांदा भावानं दिला, कोणालाही बदलू दिला नाही. मी झोळीच्या बाजूनं चालत होते. उतारावर दुभाष्या आतून म्हणाला, "मला मळमळतंय. मला खाली ठेवा."

भाऊ थांबला. मला म्हणाला, "बये, आता ह्यो कोनाचं बोलतोय?"

"सोताचं," मी म्हणाले. "ठेव खाली."

तळेघरच्या दवाखान्यातून त्याला पुढं मंचरला नेलं. टाके घातले. बरेच दिवस शुद्ध यायची, जायची. शुद्धीत नसताना तो त्या परक्या भाषेतच बोलायचा. नर्स मला विचारायची, काय म्हणतायत? मी काय सांगणार.

त्याला कचेरीत बोलावलं. डोक्याला पट्टी होती, मी सोबत गेले. टेबलामागं तीन माणसं होती. त्यांनी विचारलं, सही केली असताना गुपित का सांगितलं? तो म्हणाला, "मी काहीच सांगितलं नाही. ज्यांचं होतं त्यांचंच बोललो. 'एवढंच' म्हणेपर्यंत त्यात माझं एक वाक्य दाखवा." त्यांनी साहेबाच्या फोनमधलं सगळं लावलं. काठी, स्टूल, खुर्च्या. पुरावा म्हणून शेवटपर्यंत लावलं, त्यामुळं भावाचं 'न्हाई'ही त्या खोलीत सगळ्यांनी ऐकलं. दुभाष्या तेव्हा माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "पोचलं."

केस झाली नाही, पण काम बंद झालं. चाकणहूनही कोणी बोलावेना. बोलावलं असतं तरी उपयोग नव्हता. डाव्या कानानं त्याला ऐकू येत नाही, आणि दुभाष्याला दोन्ही बाजू लागतात.

पुढं दोन्ही सरकारांनी आपलं काय ते जाहीर केलं, टीव्हीवर झेंडे दिसले. आमच्या पठाराचं नाव त्यात नव्हतं. होणार नाही असंही कोणी म्हटलं नाही. खुणांचे दगड वर अजून आहेत, त्यांना चुना लावलेला आहे.

भावानं त्याच्याकडं माफी मागितली का, असं लोक विचारतात. नाही मागितली. हिरड्याच्या दिवसांत पोतं भरून आणून दिलं, आणि मला म्हणाला, त्याला सांग, खोकल्याला चांगलं असतं. मी दुभाष्याच्या उजव्या बाजूला जाऊन सांगितलं, "मी तुमच्यासाठी हिरडा आणलाय." तो म्हणाला, "कोण बोलतंय?" मी म्हणाले, "कारभारी."

भाऊ गेल्या शिमग्याला वारला, झोपेतच. काठी मारणारा गेला. काठी खाल्लेला माझ्या मागच्या खोलीत जिवंत आहे, आणि काठी धरणारी मी.